५२ हजार खुर्च्या पुरेनात : सेंट जेम्स पार्क वाढवावं, की उठून दुसरीकडे जावं?

कोल्हापूरकर_टाईनकाठी
मी मूळचा शिवाजी पेठेतला, गेली अकरा वर्षं इंग्लंडात न्यूकासलला. तुझं गाव कसं आहे असं इथं कुणी विचारलं तर सांगतो, "मॅच हरली की दोन दिवस कुणी धड जेवत नाही, असं." लगेच कळतं त्यांना.

तर प्रश्न असा. न्यूकासल युनायटेड या इथल्या फुटबॉल क्लबच्या मैदानात, म्हणजे सेंट जेम्स पार्कात, साधारण ५२ हजार माणसं मावतात आणि दर सामन्याला मैदान गच्च. सीझन तिकीट सुटतच नाही, बापाचं पोराला जातं. बाकीच्यांनी सभासद व्हायचं, लॉटरीत नाव घालायचं आणि ईमेलकडे डोळे लावून बसायचं. २०२१ च्या ऑक्टोबरात सौदी पैसा आला, २०२३ ला चँपियन्स लीगमध्ये पॅरिसवाल्यांना ४-१ ने धुतलं, आणि १६ मार्च २०२५ ला वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप आणला. देशातला एखादा मोठा करंडक यायला १९५५ नंतर इतकी वर्षं लागली. त्या आठवड्यात गावात जे झालं ते बघून मला आपल्याकडची विसर्जन मिरवणूक आठवली. साहजिकच आता ज्याला त्याला मैदानात जायचंय.

म्हणून गेली दोन-तीन वर्षं एकच चर्चा. आहे तेच मैदान वाढवायचं, की शेजारच्या लीझेस पार्क नावाच्या बागेकडे सरकून नवं बांधायचं? पेपरात ६५ हजारांच्या आसपासचे आकडे फिरतात. क्लब १८९२ पासून या एकाच जागेवर खेळतोय आणि ही जागा शहराच्या मधोमध, टेकाडावर आहे. स्टेशनावर उतरलं की समोर दिसतं. मी घरून चालत जातो.

माझं मत अर्धवट आहे. वाढवावं असं वाटतं, कारण मला तिकीट पाहिजे. हलवू नये असं वाटतं, कारण मला चालत जायचंय. तुम्ही लोक आपापल्या क्लबांचे अनुभव सांगा.

कोरडा_सदाशिव
म्हणजे घर मोठं पाहिजे, पण त्याच पेठेत, त्याच गल्लीत आणि जुन्याच भाड्यात. शुभेच्छा.

तोफखाना_पुणे
आर्सेनलवाला बोलतोय, या विषयातला भाजलेला माणूस. हायबरीला आमची ३८ हजारांची जागा होती. चारी बाजूंनी घरं, वाढवायला वाव नाही, एक स्टँड तर वारसा म्हणून जपलेला. २००६ ला हाकेच्या अंतरावर एमिरेट्स बांधलं, ६० हजारांचं. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. त्यानंतर काय झालं ते अख्ख्या जगाने बघितलं. २००५ नंतर करंडक थेट २०१४ ला. मधल्या काळात आम्ही दर उन्हाळ्यात एखादा मोठा खेळाडू विकत होतो. घराचे हप्ते भरायला दागिने मोडतात तसं. फाब्रेगास गेला, नासरी गेला, व्हॅन पर्सी तर मँचेस्टर युनायटेडला गेला. (अजून दुखतं.)

पण आज विचारशील तर सांगेन, केलं ते बरोबर केलं. तेव्हा बांधलं नसतं तर आज हायबरीत बसून शहाळ्याच्या भावात तिकीट विकत बसलो असतो. आणि आता आमचेच लोक म्हणतायत की ६० पण कमी पडतात.

मडगावचो
तुमचे प्रश्न श्रीमंतांचे हो. आमच्या फातोर्ड्यात १९-२० हजारांची सोय आहे. मोहन बागान आलं की भरतं, एरवी तुम्ही आडवे होऊन मॅच बघा. एक मात्र खरं, मैदान गावात असल्याने माणूस सहज वळतो. बाजार केला, मासे घेतले, मॅच बघितली, घरी. स्टेडियम कुठेतरी माळरानावर असतं तर मासे खराब झाले असते.

पाटाकडचा_पक्या
भावा, सातासमुद्रापल्याड जाऊन बी तिकिटाच्या रांगेतच हुबा हाईस व्हय! हिकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार तालमींची मॅच असली की दुपारपास्नं पेठा रिकाम्या. दुकानाचं शटर अर्धं खाली, मालक गॅलरीत. सिमेंटच्या पायऱ्या हाईत, खुर्ची न्हाई, नंबर न्हाई. "जरा सरका" म्हटलं की एक माणूस मावतोच. तुमच्या सायबाला सांग, खुर्च्या काढा, कपॅसिटी आपोआप वाढती. नाद खुळा.

कोल्हापूरकर_टाईनकाठी
@पक्या, पाटाकडील म्हणालास आणि धाग्याची अब्रू गेली. पण तुझ्या बोलण्यात तथ्य आहे. सेंट जेम्स पार्कचा विक्रम ६८,३८६ माणसांचा आहे. १९३० साली चेल्सीविरुद्ध. न्यूकासलने विकलेला ह्यूई गॅलाकर चेल्सीकडून परत खेळायला आला होता, त्याला बघायला. आज ५२ हजार बसतात, तेव्हा त्याहून लहान मैदानात ६८ हजार उभे होते. जरा सरका!

निवृत्त_कॉलम
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, पस्तीस वर्षं नोकरी करून आता नातवंडं सांभाळतो. फुटबॉल कळत नाही, पण "जरा सरका" वर बोलल्याशिवाय राहवत नाही.

१९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर कुंपणाशी चेंगरून लोक गेले. एकूण बळी ९७. त्यानंतरच्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणीच्या मैदानांत प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. त्याआधी १६ ऑगस्ट १९८० ला आपल्याच कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बेंगाल सामन्याला १६ जण गेले. म्हणून सरकण्याला मर्यादा असते. अलीकडे इंग्लंडात रेलिंग लावलेल्या जागी उभं राहून बघायला पुन्हा परवानगी मिळाली आहे, पण तिथेही एका माणसाला एकच जागा. त्याने क्षमता वाढत नाही, फक्त पाय दुखतात.

आता वाढवण्याबद्दल. प्रत्येक रांगेतल्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून जवळची साईडलाईन दिसली पाहिजे. म्हणून मागची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा किंचित जास्त उंच ठेवावी लागते. जितकं मागे जाल तितका चढ उभा. त्यात छत. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर खांब नकोत, म्हणून छत पुढे अधांतरी काढतात आणि सगळा तोल मागच्या बाजूला पेलतात. म्हणजे मागे दहा रांगा वाढवायच्या तर आधी छत उतरवा, मागचा सांगाडा मजबूत करा, मग नवं छत चढवा. त्यामुळे शेवटच्या दहा हजार खुर्च्या सगळ्यात महाग पडतात आणि तिथूनच सगळ्यात कमी दिसतं. गंमत अशी की आपल्याकडे हा प्रश्न शाहू महाराजांनी स्वस्तात सोडवला. १९०२ ला विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि मग कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. आखाडा मध्ये, भोवती उतार. कुठेही बसा, कुस्ती दिसते. छत नाही, खांब नाही.

धागाकर्त्याने नकाशा टाकला तर आणखी सांगता येईल.

कोल्हापूरकर_टाईनकाठी
काका, नकाशा शब्दांत देतो. मैदानाला चार बाजू. पश्चिमेचा मिलबर्न आणि उत्तरेचा लीझेस हे दोन स्टँड १९९८ ते २००० मध्ये वर चढवले. त्यातूनच ३६ हजारांचे ५२ झाले. दक्षिणेला गॅलोगेट, म्हणजे फाशीच्या वधस्तंभावरून पडलेलं नाव. पाहुणे संघ तिथे येताना कसे येत असतील बघा. त्याच्या मागे लगेच रस्ता आणि रस्त्याखाली मेट्रोचं स्टेशन. पूर्वेला मात्र लीझेस टेरेस, १८३० च्या आसपास बांधलेली दगडी घरांची देखणी रांग, पहिल्या श्रेणीचा वारसा. तिचा उजेड अडवायचा नाही. म्हणून तो स्टँड अजून बुटका. लांबून बघितलं तर मैदान एका खांद्याने वाकलेल्या माणसासारखं दिसतं.

निवृत्त_कॉलम
म्हणजे दोन बाजूंना आधीच मजले चढवलेत, एका बाजूला वारसा आणि एका बाजूला पोटात मेट्रो. वाढवायला गॅलोगेट एवढीच वाट उरते. स्टेशनच्या डोक्यावर काम करता येतं, लोक करतात, पण पैसे मोजताना कॅल्क्युलेटर घाम पुसतो. आणि एवढं करून चार-सहा हजार खुर्च्या मिळतील. बांधकाम चालू असताना खेळणार कुठे, हा वेगळाच प्रश्न. टॉटनहॅमवाले वेम्बलीला जाऊन राहिले, पण ते त्याच शहरात होतं.

वेअरकाठचा_शत्रू
मैदान पाहिजे का भाड्याने? सुंदरलंडला या. बारा मैलांवर, ४९ हजार खुर्च्या, समुद्राचा वारा मोफत.

कोल्हापूरकर_टाईनकाठी
सवतीच्या घरी पोटभाडेकरू म्हणून राहण्यापेक्षा टाऊन मूरवर गाईंच्या मधे खेळू.

वेअरकाठचा_शत्रू
😄 पण गंभीरपणे सांगतो. मी इथं शिकायला आलो तेव्हा स्वस्तात तिकीट मिळतं म्हणून सुंदरलंडचा झालो, मग नाद सुटला नाही. आम्ही १९९७ ला कोळशाच्या बंद खाणीच्या जागेवर ४२ हजारांचं मैदान बांधलं, तीन वर्षांत ४९ केलं. तेव्हा सगळे म्हणायचे आता मागे वळून बघायचं नाही. २०१७ ला खालच्या श्रेणीत, २०१८ ला त्याच्याही खालच्या. आमच्या लाल खुर्च्या उन्हाने फिक्या पडून गुलाबी झाल्या होत्या. हो, इंग्लंडमध्ये ऊन असतं, त्याचा एवढाच पुरावा. शेवटी २०१८ च्या उन्हाळ्यात चाहतेच पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन खुर्च्या बदलायला गेले.

तात्पर्य म्हणून सांगत नाही, पण मैदान बांधताना सगळे करंडकाच्या वर्षाचा हिशेब धरतात. गुलाबी खुर्चीचा कुणी धरत नाही.

तोफखाना_पुणे
याहून भारी उदाहरण तुमच्या दोघांच्या खालीच आहे. डार्लिंग्टन. चौथ्या श्रेणीतला क्लब, मॅचला दोन-चार हजार माणसं. मालकाला स्वप्न पडलं. २००३ ला २५ हजारांचं मैदान! वर्ष संपायच्या आत क्लब दिवाळखोरीच्या दारात. पुढे ते मैदान सोडावं लागलं, आता तिथे रग्बी खेळतात.

कोरडा_सदाशिव
कार्यालय हजार पानांचं, वऱ्हाड चाळीस.

हिशेबनीस
इथे कुणीच पैशाचं नीट बोललं नाही म्हणून लिहितो. व्यवसायाने सीए, संघ कुठलाच नाही.

न्यूकासलचे मालक गडगंज आहेत, मग अडचण काय? अडचण अशी की प्रीमियर लीगच्या गेल्या काही वर्षांच्या नियमाने क्लबला तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांहून जास्त तोटा दाखवता येत नव्हता. मालकाच्या खिशात किती आहेत याला अर्थ नाही. मात्र मैदान, अकादमी, महिला संघ यांवरचा खर्च त्या तोट्यात धरत नव्हते. म्हणजे खेळाडूवर उधळायला बंदी, विटांवर उधळायला मोकळीक. विटांतून उत्पन्न वाढलं की मग त्यातून खेळाडू. नियमाचं नाव आणि गणित बदललं तरी गाडी शेवटी उत्पन्नावरच येते.

आता खरी मेख. २०२२-२३ ला आर्सेनलने सामन्यांच्या दिवसांतून १० कोटी पौंडांहून जास्त कमावले. न्यूकासलने त्याच्या निम्मेही नाहीत. खुर्च्या बघा, ६० आणि ५२. म्हणजे आठ हजार जास्त खुर्च्या दुप्पट पैसा देतात? देत नाहीत. काही सामने कमी-जास्त असतील, लंडनचा भाव असेल, पण मोठा फरक काचेमागच्या खुर्च्यांचा आहे. जेवण, वाईन, गालिचा, कंपनीचे पाहुणे. त्यामुळे कुठलाही क्लब "चाहत्यांसाठी" क्षमता वाढवतो म्हणाला की मी विचारतो, कुठल्या चाहत्यांसाठी? वाढीव तेरा हजारांतल्या किती खुर्च्यांवर वाईन मिळणार तेवढं आधी सांगा.

लाल_पक्षी
@हिशेबनीस, अगदी बरोबर. लिव्हरपूलची गोष्ट ऐका. ॲनफिल्ड सोडून जायचं की नाही यावर आमच्यात पंधरा वर्षं घोळ चालला. शेवटी जागेवरच वाढवलं. २०१६ ला मेन स्टँड, मग ॲनफिल्ड रोड स्टँड. आता ६१ हजार. दुसऱ्या कामात मध्येच, २०२३ ला, कंत्राटदार कंपनीच बुडाली आणि वरचा मजला महिनोन् महिने रिकामा राहिला. तरी निर्णय बरोबर होता असं मी म्हणतो, आवाज टिकला. मात्र ती जागा मोकळी व्हायला आजूबाजूच्या गल्ल्यांतली घरं वर्षानुवर्षं फळ्या ठोकून बंद पडली होती. आम्ही टीव्हीवर बघणारे ते विसरतो.

पण सांगायचंय ते वेगळंच. नवा मेन स्टँड उघडण्याआधी तिकिटांचे भाव जाहीर झाले, सगळ्यात महाग ७७ पौंड. ६ फेब्रुवारी २०१६, सामना चालू, आम्ही २-० ने पुढे. ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठून चालते झाले. काही दिवसांत क्लबने भाव मागे घेतले. वाढीव खुर्चीची लढाई बांधकामाआधी लढायची असते, ते असं.

वेअरकाठचा_शत्रू
त्या दिवशी समोर कोण होतं ते पण सांगा की. आम्ही होतो! तुम्ही उठून गेलात आणि आम्ही शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारून २-२ केलं. आमच्याकडून तुमच्या आंदोलनाला जाहीर पाठिंबा.

लाल_पक्षी
😑

कोल्हापूरकर_टाईनकाठी
लाल_पक्षी, याच प्रकारची जखम न्यूकासलला आहे. नव्वदच्या दशकात क्लबने ५०० पौंडांचे बाँड विकले होते, तुमची खुर्ची दहा वर्षं तुमचीच अशा बोलीवर. मग मिलबर्न स्टँड वाढवताना मधल्या चांगल्या जागा कॉर्पोरेट पाहुण्यांना पाहिजे झाल्या. बाँडवाल्यांना सांगितलं, वर सरका. काही जण कोर्टात गेले, "आमच्या खुर्च्या वाचवा" म्हणून मोहीम काढली, आणि २००० ला हरले. बारीक अक्षरात क्लबला हलवायची मुभा होती. माझ्या ऑफिसात एक साठीचा गृहस्थ आहे. त्याच्या बापाची जागा तेव्हा हलली. तो अजून वर चढताना मोजून सांगतो, "इथपर्यंत आमचा होता, इथून पुढे त्यांचा."

अबोली
वाचनमात्र होते, पण लीझेस पार्कचा विषय निघाला म्हणून लिहिते. मीही न्यूकासललाच असते, जवळच्याच इस्पितळात नोकरी. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की ज्या शनिवारी क्लबच्या शर्टांनी रस्ता काळा-पांढरा होतो त्या शनिवारी घरी पोचायला तासभर जास्त लागतो.

तुम्ही सगळे "शेजारच्या बागेकडे सरकायचं" असं किती सहज लिहिताय. ती बाग १८७३ सालची, शहरातली सगळ्यात जुनी. राजाने किंवा उमरावाने दिलेली नाही. इथल्या कामगारांनी आम्हाला मोकळा श्वास घ्यायला जागा द्या म्हणून अर्ज केला होता, त्यातून झालेली. नाइट संपवून मी तळ्याकाठी बसते. व्हीलचेअरवर रुग्णांना आणतात, म्हातारी माणसं बदकांना दाणे घालतात, पोरं गळ टाकून बसतात. तुमचा सामना वर्षातून पंचवीस-तीस दिवस. बाग ३६५ दिवस. ६५ हजारांना बसायला जागा पाहिजे म्हणून बाकीच्यांच्या बसायच्या जागेवर कशाला येता?

पाटाकडचा_पक्या
आता बदकं आडवी आली. ताई, बदकं दुसऱ्या तळ्यात जात्याल की.

अबोली
रंकाळा बुजवून स्टेडियम बांधू म्हटलं तर चालेल का तुम्हाला?

पाटाकडचा_पक्या
...
ताई, शबूद मागं घेतो.

निवृत्त_कॉलम
@अबोली, मुद्दा पटला. कुतूहल म्हणून, धागाकर्ता वर टाऊन मूर आणि गाईंबद्दल काय म्हणाला?

कोल्हापूरकर_टाईनकाठी
काका, ही मजेशीर भानगड आहे. शहराला लागून शेकडो एकरांचं कुरण आहे, टाऊन मूर. तिथे 'फ्रीमेन' नावाच्या जुन्या नागरी मंडळींना गाई चारायचा पिढीजात हक्क आहे आणि गाई खरोखर चरत असतात, मागे बहुमजली इमारती, पुढे गाई. पार्लमेंटच्या कायद्याने तो हक्क राखलेला आहे. आपल्या भाषेत गायरान. फरक एवढाच की आपल्याकडे गायरानावर आधी अतिक्रमण होतं, मग ते नियमित होतं. इथं अजून गायच जिंकतीये.

१९९७ ला क्लबने याच कुरणाच्या लीझेसकडच्या तुकड्यावर नवं ५५ हजारांचं मैदान मागितलं होतं. गावातून एवढ्या सह्या विरोधात आल्या की क्लबने नाद सोडला आणि आहे तेच वर चढवलं. म्हणजे आज जे ५२ हजार आहेत ते मुळात गाईंच्या कृपेने.

कोरडा_सदाशिव
प्रथमच एखाद्या क्रीडा प्रकल्पात गोवंशाने निर्णायक गोल केला.

तोफखाना_पुणे
अबोलीताईंना एक तोडगा सुचवतो. हायबरी मोडलं तेव्हा दोन स्टँडांची घरं झाली आणि मधल्या हिरवळीची बाग केली. समजा न्यूकासलने नवं मैदान बागेच्या बाजूला बांधलं आणि जुन्या मैदानाची बाग करून दिली तर? फिट्टंफाट.

अबोली
दीडशे वर्षांची झाडं कशी सरकवणार? आणि हायबरीतली ती बाग आहे कुणाची? फ्लॅटवाल्यांचीच ना? तुम्ही गेट उघडून आत जाऊन झोपू शकता का तिथे?

तोफखाना_पुणे
पॉइंट आहे. मी गेलो होतो तेव्हा गेटमधूनच फोटो काढला.

हावड्याचा_पूल
मी कोलकात्यातला मराठी माणूस, विरुद्ध बाजूचा अनुभव सांगतो. आमच्याकडे क्षमता कमी केली! सॉल्ट लेकला १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला १,३१,७८१ माणसं होती. ईस्ट बेंगाल ४, मोहन बागान १, भुतियाची हॅट्ट्रिक. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपसाठी बाकडी काढून स्वतंत्र खुर्च्या बसवल्या आणि ते मैदान निम्म्याच्या आसपास आलं. जुने लोक हळहळतात. पण मी दोन्ही काळात गेलोय. आता बायको-मुलगी बरोबर येतात, कारण उठून संडासला जाऊन परत आपल्या जागेवर येता येतं. एक लाखाच्या काळात जागेवरून उठणं म्हणजे राज्य सोडणं.

पाटाकडचा_पक्या
ह्ये लाखातलं बोललासा. आमच्यात बी बायका-पोरी मॅचला याय लागल्यात आता, पण बसायची नीट सोय पायजेल. ऱ्हायला प्रश्न गर्दीचा. वर्ल्डकपला चौकाचौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचं कटआउट ताडामाडाएवढं हुबं करतोय आमी, आणि आपला अनिकेत जाधव १७ खालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला तरी पोरगं सरावाला मैदान हुडकत फिरतंय. स्टेडियम वाढवायच्या आदी मैदानं वाढवा म्हणतो मी.

मडगावचो
आता कुठे माणूस बोलला. गोव्यातही तेच. पावसाळा सरला की भाताच्या खाचरांत पोरं गोलपोस्ट उभे करायची. ती खाचरं आता रो-हाऊस झाली.

हिशेबनीस
धागा न्यूकासलहून कोल्हापूरमार्गे मडगावला पोचलेला आहे. परतीचं तिकीट कोण काढतंय?

वेअरकाठचा_शत्रू
मी काढतो. शत्रू म्हणून निष्पक्ष मत : जागेवरच राहा. गॅलोगेट वाढवा, चार-सहा हजार मिळतील तेवढे घ्या. मी त्या मैदानात पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, पार वर, ढगांत बसलोय. जिने मोजायचं नवव्यानंतर सोडून दिलं. खाली खेळाडू मुंग्यांएवढे. पण मॅच संपल्यावर दहा मिनिटांत शहराच्या मध्यावर होतो. (हरलेलो असल्याने तोंड लपवत.) वेस्ट हॅमवाल्यांना विचारा. अप्टन पार्कची ३५ हजारांची खुराड्यासारखी जागा सोडून ६२ हजारांच्या ऑलिम्पिक मैदानात गेले, तिकीट स्वस्त मिळालं, पण खेळ आणि प्रेक्षक यांच्यात अख्खा धावण्याचा ट्रॅक आला. अजून कुरकुरतात.

लाल_पक्षी
+१. फक्त वाढीव जागांतला ठरावीक हिस्सा काचेमागे जाणार नाही, हे आधी लेखी घ्या. आणि बारीक अक्षर वाचा.

तोफखाना_पुणे
-१. चार हजारांसाठी मेट्रोवर छत चढवायचं आणि वीस वर्षांनी पुन्हा हाच धागा काढायचा? एकदाच काय ते नवं बांधा. हप्ते भरायला सौदी आहेत, तुम्हाला व्हॅन पर्सी विकावा लागणार नाही.

कोल्हापूरकर_टाईनकाठी
मधे तीन आठवडे गायब होतो, आबा आले होते कोल्हापूरहून. वय ७४, तरुणपणी तालमीकडून खेळलेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा इकडे आले, त्यांना मॅच दाखवायचीच होती. लॉटरीत एकच जागा लागली. दुसरी त्या ऑफिसातल्या साठीच्या गृहस्थाने आपली दिली, "बापाला आण, मी घरी बघतो" म्हणाला. म्हणजे आबा एका टोकाला, मी दुसऱ्या. आबांना खालची जागा दिली आणि मी वर ढगांत.

खरं सांगतो, इतक्या वर्षांत त्या उंचीवरून पहिल्यांदाच बघितलं. चेहरे दिसत नाहीत, पण आपला डावा बॅक कुठे उघडा पडतोय ते आधी आपल्याला कळतं, मग त्याला. काकांनी सांगितलेला पायऱ्यांचा चढ पायांना समजला.

सामना संपल्यावर पुतळ्यापाशी भेटलो. मला वाटलं आबा आवाजाबद्दल बोलतील, गर्दीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "जागा न्हाई, जागा न्हाई म्हणून वर्षभर रडत होतास ना फोनवर? पंच्याऐंशीव्या मिनिटाला माझ्या रांगेतनं सहा माणसं उठून गेली. का, तर म्हणे गाडी अडकती. त्यांच्या खुर्च्या दे की तुझ्या त्या लॉटरीवाल्यांना."

मी म्हटलं, असं नसतं आबा. तर म्हणाले, "मग वाढवून तरी काय, आनि सा उठून जातील."

घरी चालत आलो, वाटेत लीझेस पार्क. आबा तळ्याकाठी बाकावर बसले ते अर्धा तास उठेनात. अबोली, तुमची बदकं झोपली होती.

अबोली
छान केलंत. आबांना पुढच्या वेळी सकाळी घेऊन या, तेव्हा जागी असतात.

हिशेबनीस
शेवटच्या पाच मिनिटांच्या रिकाम्या खुर्च्या भाड्याने देणे. आबांनी नवा महसूल स्रोत शोधलाय. आकडे मांडून बघतो.

निवृत्त_कॉलम
रांग क्रमांक कळवणे. दृष्टिरेषा काढून देतो. गुडघ्यांचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

पाटाकडचा_पक्या
आबा कुठल्या तालमीचं? दिलबहार न्हवं न्हवं? आणि भावा, एवढं सगळं लिवलास, स्कोअर सांगितलाच न्हाईस की.

कोल्हापूरकर_टाईनकाठी
हरलो. आज तिसरा दिवस, आत्ता जेवून उठलो, तेव्हा कुठे लिहायला बसलो.